दाराआडचा होकार

१

म्हातारा पहाटे गेला आणि त्याच दिवशी दुपारी त्यानं राहतं घर विकलं. कागदोपत्री तरी असंच झालं होतं.

वकीलबाईंनी खरेदीखताची नक्कल वाचून बाजूला सारली आणि समोरच्या बाईकडे पाहिलं. चाळिशी उलटलेली, हडकुळी, बोटांवर व्हार्निशचे तपकिरी डाग. बाप व्हायोलिनं बनवायचा आणि ही त्यांना रंग चढवायची. लग्न केलं नाही, दुसरं काही शिकली नाही, त्या घराबाहेर तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं. घर म्हणजे पुढे कारखाना, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये बापाची बसायची खोली. आता ते सगळं एका आरागिरणीवाल्याचं झालं होतं, आणि महिनाअखेरीला तो ताबा घ्यायला येणार होता.

"सही कुणाची?" वकीलबाईंनी विचारलं. कागदावर दिसत होती, तरी विचारलं. माणूस उत्तर कसं देतो ते ऐकायची त्यांना खोड होती.

"माझ्या चुलतभावाची. सही करताना हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी त्याला मुखत्यारपत्र करून दिलं. बँक, वीजबिल, घराचा कर, सगळं तोच बघायचा." तिचा आवाज चढला. "घर विकायचं चाललंय हे मला कुणी कळूही दिलं नाही. बाबा गेले, माणसं जमली, आणि हा हातात कागद घेऊन दारात उभा! म्हणे, काकांना विचारून गेलो होतो. 'काका, ते काम उरकून येतो.' याला विचारणं म्हणतात? डॉक्टर म्हणतात, बाबा उजाडायच्या आतच गेले होते. मग यानं विचारलं कुणाला? बाबा गेलेत हे बघून, मुकाट्यानं जाऊन सही करून आला तो. मला त्याला तुरुंगात बघायचंय."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"दवाखान्यात. बाबांची औषधं आणायला. तिथे ही भली मोठी रांग. दुपारी परत आले, खोलीत गेले, बघितलं आणि ओरडले. कशाला हातसुद्धा लावला नाही."

वकीलबाई समोर येईल त्याला अरेतुरे करत. त्यातून न्यायाधीश तेवढे सुटत. खिडकीबाहेर सकाळपासून उजाडल्यासारखं झालंच नव्हतं. त्यांनी दिवा लावला, तरी खोलीतला काळोख जाईना.

"ऐक. मुखत्यार म्हणजे उसना हात. मालक जिवंत आहे तोवर चालतो, मालक मेला की लुळा पडतो. इथपर्यंत तुझं बरोबर."

"मग सौदा रद्द?"

"घाई करू नकोस. मालक गेल्याचं त्या हाताला कळलंच नसेल, आणि घेणाऱ्यालाही कळलं नसेल, तर कायदा म्हणतो की हात चालूच होता. तेव्हा तुझे बाबा कधी गेले हा प्रश्नच नाही. कुणाला कधी कळलं, हा प्रश्न आहे. कळून सवरून त्यानं सही केली असेल तर ती फसवणूक. तो कागद मी पाडून दाखवते, घर तुझं, आणि तो आत. पण त्याला खरंच माहीत नसेल, तर घर गेलं म्हणून समज."

बाईनं मान खाली घातली आणि बोटावरचा डाग नखानं खरवडायला सुरुवात केली.

"त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "कळलंच असणार."

२

आरागिरणीवाला गुबगुबीत, हसतमुख आणि अंगभर भुसा माखलेला होता. मागे यंत्राचा असा कर्कश आवाज चालला होता की तो प्रत्येक वाक्य ओरडून बोलायचा. बहुधा घरीही तसाच बोलत असेल.

"म्हाताऱ्याला शेवटचा कधी भेटलो, आठवत नाही मला. गरजच काय? पुतण्या बोलला म्हणजे म्हातारा बोलला. लाकूड पाठवा, तो सांगणार. पैसे घेऊन जा, तोच सांगणार. इतकी वर्षं चाललंय, एकदाही म्हाताऱ्यानं म्हटलं नाही की हा माझा माणूस नव्हे."

"म्हणजे मुखत्यारपत्र नसतं तरी त्याच्या शब्दावर तू व्यवहार केला असतास?"

"लाकडाचा? डोळे मिटून. घराचा म्हणून कागद बघितला. बघितला की नाही?"

बघितला होता. वकीलबाईंना त्यात खोट काढता येईना, आणि खोट काढता आली नाही की त्यांचं डोकं दुखायला लागे. मालकानं अधिकार दिला नसला, तरी दिलाय असं जगाला वर्षानुवर्षं दिसू दिलं, की ते दिसणंच मालकाला बांधून ठेवतं. हा माणूस दिसण्यावर विसंबला होता, आणि वर कागदही होता. म्हणजे त्याची बाजू दुप्पट भक्कम.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"बाहेर, गाडीत. पुतण्या आत काकाला विचारायला गेला. म्हटलं, मीही येतो, नमस्कार करतो, तर म्हणाला नको." आरागिरणीवाल्याचं हसू थोडं ओसरलं. त्यानं मागे वळून यंत्र बंद करायची खूण केली. "बाई, खरं सांगू का? मला तेव्हाच काहीतरी खटकलं. तो बाहेर आला तो चेहरा पार उतरलेला. गाडीत बसला आणि म्हणाला, 'चला लवकर, नाहीतर राहून जाईल.' मग नोंदणी कचेरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी आपला गप्प बसलो. घर स्वस्तात मिळत होतं ना!"

३

पुतण्या एका विमा कंपनीत कारकून होता. भानगडीची कुणकुण तिथवर पोचली होती, त्यामुळे त्याच्या टेबलाशी कुणी रेंगाळत नव्हतं. त्यानं वकीलबाईंना जिन्याखालच्या कोपऱ्यात नेलं. तिथं मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि ओल आली होती.

"चला लवकर, नाहीतर राहून जाईल, असं तूच म्हणालास ना?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणालो. म्हणजे... कचेरी बंद होईल, अशा अर्थानं."

हे खोटं आहे, हे वकीलबाईंना लगेच कळलं. पण एक खोटं हाती लागलं म्हणून त्या लगेच झडप घालत नसत. उरलेलं खरं आधी ऐकून घेत.

"घर विकायचं काकांच्याच मनात होतं," तो सांगू लागला. "काम कुठे येतं हो आता कारखान्यात? काका म्हणायचे, माझ्यामागे ही पोर त्या भुशात आणि व्हार्निशच्या वासात एकटी मरेल. विकून टाक, तिला लहानसं घर घेऊन दे, चार पैसे गाठीला राहू देत. आणि तिला सांगू नकोस, ती ऐकायची नाही. म्हणून नाही सांगितलं. पण विकायला सांगताना काकांनी एक अट घातली होती."

"कागदात तर अट नाही."

"तोंडी. म्हणाले, सहीला जाशील त्या सकाळी मला एकदा विचारून जा. तोवर माझं मन फिरलं असलं तर तसं सांगेन."

वकीलबाई जरा चपापल्या. तोंडी घातलेली अट लेखी अटीइतकीच मुखत्याराला बांधून ठेवते. पण ही अट दोघांनाच ठाऊक होती आणि त्यातला एक गेला होता. हा मूग गिळून बसला असता तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. आपल्याच गळ्यात फास अडकवून घेणारा लबाड त्यांनी अजून पाहिला नव्हता.

"मग विचारलंस का?"

"घरच्यांना एवढंच सांगितलंय, की विचारून गेलो. कसं विचारलं, काय बोललो, ते कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. लाज वाटते." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "दार लोटलेलं होतं. बाहेरूनच म्हणालो, 'काका, ते काम उरकून येतो.' घराचं नावही काढलं नाही. म्हटलं, ताई आसपास असली तर ऐकेल."

"आत जाऊन विचारायला काय झालं होतं?"

"आत टकटक चालू होती."

आणि मग त्यानं त्या घराची रीत सांगितली. व्हायोलिनची वरची फळी तासून तासून पातळ करतात. मग ती कानाशी धरून बोटानं वाजवतात, पुन्हा जराशी खरवडतात, पुन्हा वाजवतात. म्हातारा तासन् तास हेच करत बसायचा. ती टकटक चालू असली की दार उघडायचं नाही, कारखान्यातली करवत चालवायची नाही, बोलायचं तेही दबक्या आवाजात. काही विचारायचं असेल तर दाराबाहेरून विचारायचं. म्हाताऱ्याला बोलायचं असलं तर टकटक थांबायची आणि हाक यायची. टकटक चालूच राहिली की समजायचं, ऐकलंय, हरकत नाही, जा.

"लहानपणापासून आम्हा सगळ्यांचं असंच. सहलीला जाऊ का, सायकल नेऊ का, सगळं दाराबाहेरून. त्या दिवशी मी बोललो तेव्हा टकटक क्षणभर थांबली. वाटलं, आता हाक येणार. मग पुन्हा सुरू झाली, आणि मी निघालो."

"अरे, तेव्हा तुझा काका मरून कितीतरी वेळ होऊन गेला होता."

पुतण्या पांढराफटक पडला. त्यानं आधारासाठी एका मोडक्या खुर्चीची पाठ धरली.

"बाई, माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगतो. आतून टकटक येत होती."

४

कारखान्यात आता एकच माणूस उरला होता. उभी हयात तिथं काढलेला जुना कारागीर. त्याला सगळे मामा म्हणत. कपड्यांना सरसाचा आंबूस वास, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा असा की काही विचारूच नये. वकीलबाईंनी अर्थातच विचारलं.

"लाकडाच्या खोलीची किल्ली आरागिरणीवाल्याला तू दिलीस?"

"दिली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगायला कशाला लागतं? तारा मागवायच्या, सरस आणायचा, गिऱ्हाइकाला भाव सांगायचा, मी कधी कुणाला विचारलं नाही. मालक कर म्हणाले नाहीत नि करू नकोही म्हणाले नाहीत. पुतण्या म्हणाला सौदा झाला, मी किल्ली काढून दिली."

काम अंगावर पडतं तसा त्याच्यासोबत अधिकारही अंगात मुरतो. असले न बोललेले अधिकार वकीलबाईंनी ढिगानं पाहिले होते. "पण मालक गेले तेव्हा तुझाही अधिकार संपला, मामा."

"मला कुणी सांगितलं नाही तसं," म्हणून मामानं पाठ फिरवली.

"त्या सकाळी मालकांच्या खोलीतून काही ऐकू आलं?"

"नाही."

वकीलबाई कारखानाभर हिंडल्या. छताला अर्धवट व्हायोलिनं टांगली होती, भिंतीवर पटाशा ओळीनं लावल्या होत्या. सगळ्यावर धूळ बसायला लागली होती; माणूस गेलेल्या घरात ती जरा घाईनंच बसते, असं त्यांना वाटलं. मधोमध मोठी विजेची करवत होती आणि तिच्याशेजारी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या लाकडाच्या ठोकळ्यांची चळत.

"हे कशाचे?"

"शाळेसाठी लहान व्हायोलिनं हवी होती. ठोकळे कापून दुसऱ्या एका कारखान्याला द्यायचे होते."

"कधी?"

"त्याच दिवशी. दुपारपर्यंत."

"मग कापले का नाहीस?"

"राहिले. पटाशांना धार लावत होतो."

"करवत बिघडलीय म्हणून?" आणि मामा वळायच्या आत वकीलबाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. करवत अशी किंचाळली की टांगलेली व्हायोलिनं थरथरली. मामानं धावत येऊन बटण बंद केलं आणि सवयीनं त्या मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग खोली रिकामी असल्याचं त्याला आठवलं. त्याचे डोळे भरून आले.

"करवत ठणठणीत आहे," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "माल दुपारी द्यायचा होता, आणि तू सकाळभर बिनआवाजाचं काम करत बसलास. या घरात करवत एकाच कारणानं बंद असते. मामा, तू टकटक ऐकलीस."

या वेळी मामा नाही म्हणाला नाही.

"बरं, ते राहू दे. ताईची किंकाळी ऐकून आत पहिला तू धावलास. काय दिसलं तुला?"

"मालक खुर्चीत होते. शाल गळ्यापर्यंत ओढलेली. झोपल्यासारखे. फळी टेबलावर, बनातीच्या तुकड्यावर. चष्मा डबीत, फडताळात."

"चष्मा नेहमी डबीत घालून ठेवायचे?"

"मालक?" मामाला हसूच आलं. "छे हो! कपाळावर चढवून झोपी जायचे. किती काचा फोडल्या. ताई रोज ओरडायची त्यांना, रोज स्वतःच्या हातानं काढून डबीत..."

तो एकदम थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली ती स्वतःसाठी नव्हती.

५

मधल्या खोलीला दोन दारं होती. एक कारखान्यात उघडायचं, एक मागच्या घरात. वकीलबाई मागच्या दारानं आत आल्या तेव्हा मुलगी बापाच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर बसली होती.

"कळलं का काही?" तिनं विचारलं.

"सगळं." वकीलबाई खुर्चीत बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "तुझा भाऊ खरं बोलतोय. टकटक झाली होती. मामानंही ती ऐकली, म्हणून त्यानं करवत चालवली नाही. मेलेला माणूस फळी वाजवत नाही. म्हणजे आत दुसरं कुणीतरी होतं, मागच्या दारानं आलेलं, आणि त्याची बोटं अशी तयार होती की घरच्या माणसालाही फरक कळू नये. ज्यानं कुणी वाजवली, त्यानं तुझ्या बाबांच्या कपाळावरचा चष्मा काढून डबीत ठेवला, शाल पांघरली, मांडीवरची फळी जपून बनातीवर ठेवली. चोर असलं काही करत नाही. आणि तू म्हणतेस, तू कशाला हात लावला नाहीस."

"मी दवाखान्यात..."

"'काका, ते काम उरकून येतो.' पहिल्या दिवशी माझ्यापुढे बसून तू हे म्हणालीस. अगदी हेच शब्द. ते त्यानं कुणालाही सांगितलेले नाहीत. ते दारापलीकडे त्यानं उच्चारले, आणि दाराअलीकडे जो होता त्यानंच ऐकले."

मग बोलायला लागली ती बापाच्या खुर्चीकडे बघून.

"चहा घेऊन आले तेव्हाच कळलं. हात गार पडला होता. बोंब मारली असती तर घर भरलं असतं, लोकांनी त्यांना उचलून नेलं असतं. मला फक्त एक सकाळ हवी होती हो. फक्त मी आणि ते. फळी मांडीवर होती, ती मनासारखी बोलत नव्हती म्हणून आठवडाभर कुरकुरत होते. म्हटलं, आपण बघू. खरवडली, वाजवली, त्यांच्या कानाशी धरली." तिनं तोंडावर हात दाबला. "मग पावलं वाजली. वाटलं, आता हा आत येणार आणि सगळं संपणार. तो काहीतरी म्हणाला. मी थांबले. कुठलं काम, मला काय माहीत! बिल भरायचं असेल. म्हणून पुन्हा वाजवायला लागले. जा बाबा एकदाचा, म्हणून."

"आणि तो गेला."

"मीच जा म्हटलं त्याला!"

वकीलबाईंना तिची दया आली. दया आली की त्यांचा आवाज कठोर व्हायचा.

"त्याला ठाऊक नव्हतं. आरागिरणीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी या जगात तुला एकटीला ठाऊक होतं. तू दार उघडलं असतंस तर त्याचा अधिकार तिथल्या तिथे संपला असता."

"माझं एवढंच घर आहे," ती म्हणाली. मग चाचरत: "तुम्ही हे कुणाला सांगणार?"

"मी तुझी वकील. तुझ्या परवानगीशिवाय यातला शब्द बाहेर जाणार नाही. मामाला मारून टाकलं तरी तो बोलणार नाही. आणि मेलेल्या माणसाची टकटक ऐकली, असं तुझा भाऊ म्हणाला तर कोर्ट त्याला हसेल. तू गप्प राहिलीस तर बहुतेक घर तुला मिळेल. तो तुरुंगात जाईल, नोकरी जाईल, त्याच्या मुलीचं काय व्हायचं ते होईल."

"मग तुम्ही लढाल?"

"नाही. दुसरा वकील बघ. तुझ्या वतीनं मी भांडेन, हात जोडेन, गरज पडली तर रडेनसुद्धा. पण खोटं बोलायचा अधिकार तुझ्यापाशीच नाही, तो तू मला कुठून देणार?"

एवढं बोलून वकीलबाई निघाल्या. मागून ती काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं होतं. कारखान्यातून रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी कान मागेच ठेवले.

६

पुढचे काही दिवस तिचा काहीच निरोप आला नाही. वकीलबाईंनी दुसरी कामं पुढे ओढली, पण मन लागेना. आपण जास्तच तोडून बोललो का, हा किडा डोक्यात वळवळत राहिला. तिनं खरंच दुसरा वकील गाठला असता, तर त्यांना ना तोंड उघडता आलं असतं ना गप्प बसवलं असतं. शेवटी एका ढगाळ दुपारी मामा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ताईनं बोलावलंय, सगळ्यांनाच बोलावलंय.

कारखान्यात पुतण्या एका कोपऱ्यात उभा होता, आरागिरणीवाला दुसऱ्या. मुलगी मध्ये उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. रडली नाही, सारवासारव केली नाही. आपण दवाखान्याचं खोटं बोललो तेही सांगितलं, आणि तो निर्दोष आहे हे पहिल्यापासून ठाऊक असून त्याला तुरुंगात धाडायला निघालो होतो, तेही. मामानं तोंड फिरवून घेतलं.

आरागिरणीवाल्यानं कधी नव्हे तो हळू आवाजात विचारलं, "म्हणजे सौदा..."

"कायम आहे," वकीलबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीला ये. त्याआधी इकडे फिरकू नकोस."

तो गेला. जाताना त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, पण घर मात्र त्याचं झालं होतं.

पुतण्या अजून भिंतीलाच टेकून होता. आता तक्रार होणार नाही, नोकरी टिकणार, रात्री झोप लागणार. खरं तर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्याच्याकडे बघून वकीलबाईंना तसं वाटेना.

"ताई, मलाही सांगायचंय," तो म्हणाला. "टकटक चालू होती म्हणून मी आत गेलो नाही, हे अर्धंच खरं. काकांनी अट घातली होती, सहीच्या सकाळी विचारून जा. मी मुद्दाम नीट विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते गप्प गप्प असायचे. मला भीती वाटत होती, ते नको म्हणतील. गिऱ्हाईक कसंबसं मिळालं होतं, तुझी सोय होणार होती. म्हणून पुटपुटल्यासारखं बोललो आणि पळालो. चला लवकर म्हणालो ते म्हणूनच. मागून त्यांची हाक येईल, याची धास्ती होती."

वकीलबाईंनी हिशेब मांडून पाहिला. अट मोडली होती खरी. पण अटीचा आरागिरणीवाल्याला पत्ता नव्हता, आणि ज्याला तक्रार करायचा हक्क होता तो उरला नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं काही फरक पडत नव्हता. त्या दोघांच्या दृष्टीनं पडत होता, आणि तो भरून काढायला वकीलबाईंकडे काही नव्हतं. त्यांनी आपली पिशवी उचलली.

मुलगी भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी साध्या आवाजात बोलली.

"तू त्यांची सगळी कामं केलीस. तुला त्यांच्या मनातलं कळायचं. सगळेच म्हणायचे, हा बोलला म्हणजे म्हातारा बोलला." तिनं त्याची बाही धरली. "खरं सांग. मी आत नसते, ते असते, तर काय म्हणाले असते? हो की नको?"

त्यानं तोंड उघडलं. वर्षानुवर्षं लोकांना द्यायचा तसं उत्तर त्याच्या अगदी ओठांवर आलं असावं. मग त्यानं मान हलवली.

"आता त्यांच्या वतीनं मला काही बोलता येत नाही, ताई."